पिलर ड्रिलचा चक बदलला, त्याच्या नोंदी

९ मे २०२५, शुक्रवार. वसमत

कुरुंद्याचे एक शेतकरी सकाळीच नऊ फणांचं पेरणी यंत्र ट्रॉलीत टाकून परत आले. त्याचे क्लँप गेल्या महिन्यात आम्हीच नवे करून दिले होते. "दादा, फण सरकायलेत. बोल्ट आवळावं तर नुसता फिरतोय." खोलून पाहिलं. १६ एमएम पट्टीत एम-१२ चे, म्हणजे १२ एमएमच्या बोल्टचे, आटे पाडले होते. अठरापैकी सात भोकांत आटे बोटाला नावालाच लागत होते.

एम-१२ च्या टॅपसाठी (टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार) आम्ही १०.२ चं ड्रिल लावतो. भोक किती पडलंय हे बघायला १०.५ च्या ड्रिलची शेपटी, म्हणजे मागचा गुळगुळीत दांडा, आत घालून पाहिली. सरळ गेली, वर हलायलाही जागा उरली. म्हणजे भोक १०.६ च्या घरात. एम-१२ च्या आतल्या आट्याचा लहान व्यास १०.४४ पर्यंत चालतो. त्यापुढे आट्याला मांसच राहत नाही, बोल्ट शेंड्याशेंड्यांवर लटकतो आणि पहिल्या दगडाला सुटतो.

भोकं पाडायचं उभं मशीन म्हणजे पिलर ड्रिल, आणि त्यात जबड्यांनी ड्रिल धरतो तो चक. पुतण्या म्हणाला, "काका, चक गेला. आजच मागवून टाकतो." मी म्हणालो, थांब.

यंत्र ठेवून घेतलं. क्लँप फुकटात बदलून द्यायचे, चूक आमची आहे.

१० मे, शनिवार

आधी ड्रिलवर संशय. हातानं धार लावताना एक ओठ लांब, एक आखूड झाला की ड्रिल एका अंगाला ओढतं आणि भोक मोठं पडतं. आमच्याकडं ग्राइंडरवर धार मीच लावतो, त्यामुळं हा संशय मला आवडला नाही, पण बघणं भाग होतं. पाकिटातलं नवं कोरं १०.२ चं ड्रिल लावलं. भोक तसंच, १०.५ ची शेपटी आत. माझी धार सुटली.

मग वेग. पुतण्यानं पट्टा वरच्या पुलीवर ठेवला होता, १४०० च्या आसपास फेरे. साध्या लोखंडाला एचएसएस (हाय स्पीड स्टीलच्या) ड्रिलचा वेग मिनिटाला २५ मीटर धरतो. १००० गुणिले २५, भागिले ३.१४ गुणिले १०.२, उत्तर ७८० फेरे. पट्टा खाली घेतला. आवाज निवला, कीस लांब आणि एकसारखा यायला लागला, पण भोक काही आकसलं नाही.

दुपारी आयटीआयच्या फिटरच्या सरांकडून डायल (फिरताना किती डोलतंय ते एमएममध्ये दाखवणारं काट्याचं माप) आणि चुंबकाचा स्टँड आणला. चकात १० एमएमची डॉवेल पिन, म्हणजे नेमक्या मापाची सरळ पिन, धरली, पट्टा हातानं फिरवत डायल वाचलं. जबड्याजवळ काटा ०.४२ फिरला. ७५ एमएम खाली ०.७०. सर सोबत आले होते, ते नुसते हसले.

मशीन २० एमएमचं आहे, राजकोटकडचं, २०११ साली जुनं घेतलेलं. चक त्याच्याही आधीचा. जबडे टॉर्चनं पाहिले तर तोंडाशी रुंद झालेत, घंटेच्या तोंडासारखे. ड्रिल चकात घसरलं की शेपटीवर गोल ओरखडे पडतात आणि त्याच वेळी जबडेही झिजतात. आमच्या डब्यातल्या निम्म्या ड्रिलांच्या शेपट्या तशाच आहेत. यात आवळायच्या सवयीचाही भाग आहे. चावीची भोकं तीन असतात, ती तिन्ही आवळायची असतात. आमच्याकडं समोर येईल त्या एकाच भोकात चावी घालून जोर लावतात.

स्पिंडलच्या (मशीनच्या फिरत्या दांड्याच्या) आतल्या टेपरला, म्हणजे निमुळत्या भोकाला, डायल लावायचं राहिलं. त्याला लिव्हरचं डायल लागतं, ते सरांच्या कपाटात कुलूपबंद होतं. जबडे इतके उघड खराब होते की तिकडं बघायची गरजही वाटली नाही. (२७ तारखेला भर घातली: गरज होती.)

१२ मे, सोमवार

चक उतरवला. क्विलमधल्या (स्पिंडल वरखाली नेणाऱ्या नळीतल्या) खाचेतून ड्रिफ्ट, म्हणजे चपटी पाचर, घातली, खाली टेबलावर फळी आणि त्यावर पोतं. हातोडीच्या दोन ठोक्यांत आर्बरसकट (चक आणि स्पिंडल जोडणाऱ्या दांड्यासकट) चक पोत्यावर. स्पिंडलमधला हा निमुळता जोड, मोर्स टेपर, घर्षणावरच धरून राहतो. वरची चपटी जीभ ओढायला आहे असं पुष्कळांना वाटतं, तिचं खरं काम असं बाहेर काढताना ड्रिफ्टला टेकू देणं.

आर्बरवरून चक काढायला दोन पाचरी लागतात, बेचक्यासारख्या. विकत मिळतात, पण आम्ही ट्रॅक्टरच्या जुन्या पाट्यातून कापून घेतल्या. दोन बाजूंनी चकाच्या पाठीमागं घालून व्हाइसमध्ये दाबल्या. एकदम टक्क आवाज आला आणि चक सुटला. पुतण्या दचकून मागं सरला.

आर्बरवर कुठलाही आकडा नाही. मी दुसरीकडंच बघत असताना पुतण्यानं व्हर्निअर लावला आणि सांगितलं, "पंधरा पॉइंट पंच्याऐंशी. सोळाच धरा." मी हो म्हणालो. संध्याकाळी त्यानं मोबाइलवरून 'बी-१६, १३ एमएम' असा चक मागवला, सगळ्यात स्वस्त होता तो.

१९ मे, सोमवार

चक आला. आर्बरवर ठेवला तर टोपीसारखा बसला. आत जाईचना. पुतण्या म्हणतो ठोकून बघू. हातोडी त्याच्या हातातून काढून घेतली आणि व्हर्निअर मी हातात घेतला.

आर्बरचा निमुळता भाग, लांबी २५.४. लहान टोक १५.८५, मोठं टोक १७.१७. पुतण्यानं मोजलं होतं ते लहान टोक. हा टेपर जेकब्स ६ नंबरचा आहे, बी-१६ नव्हेच. बी-१६ मध्ये १६ म्हणजे साधारण मोठ्या टोकाचा व्यास, नेमका १५.७३. लांबी २४. म्हणजे आमच्या आर्बरचं सगळ्यात बारीक टोकसुद्धा नव्या चकाच्या तोंडापेक्षा जाड. आत जाणार कसं?

खरी गंमत पुढं आहे. जेकब्स ३३ नंबरचं मोठं टोक १५.८५ असतं. म्हणजे आमच्याकडं ३३ नंबरचा आर्बर असता आणि पुतण्यानं मोठं टोक मोजलं असतं, तरी व्हर्निअरवर हाच आकडा आला असता. आणि ३३ चा आर्बर बी-१६ च्या चकात बराचसा आत जातो, बसल्यासारखा वाटतो. पण बी-१६ चा उतार २० ला १ आणि ३३ चा पावणेसोळाला १ च्या आसपास, त्यामुळं तो एकाच कड्यावर टेकून झुलतो. तसं झालं असतं तर आम्ही चक बसला म्हणून खूश झालो असतो आणि पुढचे पंधरा दिवस डोकं धरून बसलो असतो. टोपीसारखा बसला तेच बरं झालं.

इथं जेकब्स हे नाव आर्थर जेकब्स या अमेरिकन माणसाचं. चावीनं आवळायच्या चकाचं पेटंट त्यानं १९०२ साली घेतलं. आधीच्या चकाचा पाना निसटून बोटांची सालटं निघत म्हणून त्यानं हा शोध लावला असं सांगतात. सालटं निघालेल्या माणसाचा हा विचार आहे हे लगेच पटतं.

आता दोन माणसांनी, दोन्ही टोकं, आणि लांबी, असं मोजून पाटीवर लिहायचं ठरलं.

नव्या चकाचे जबडे पूर्ण मिटवून उजेडासमोर धरले. तिघांचे शेंडे एकत्र यायला हवेत. एक मागंच राहत होता, फटीतून उजेड दिसत होता. परत पाठवला.

२१ मे, बुधवार

रात्रभर पाऊस, वीज पहाटे गेली ती दुपारी आली. मे महिना आहे की आषाढ कळेना. बिनविजेच्या दुपारी चहाबरोबर चकाचा विचार केला, तो लिहून ठेवतो.

१६ एमएमचा चक घ्यावा असं सगळे सांगतात. मोठा आहे, बरा असतो. मला पटत नाही. ३ ते १६ चा चक ३ च्या खाली मिटत नाही, आणि आम्हाला रिव्हेटसाठी अडीचचं ड्रिल रोज लागतं. वजन जास्त, लांबीही जास्त, तेवढी टेबलावरची उंची कमी होते. क्लँपखाली व्हाइस ठेवला की आधीच जागा अपुरी पडते. आणि १३ च्या वरचं भोक पाडायचं झालं तर टेपर शँकचं (निमुळत्या शेपटीचं) ड्रिल थेट स्पिंडलमध्ये बसतं. १४ पर्यंतची ड्रिलं मोर्स एक नंबरची येतात, त्यांना स्लीव्ह (मधली नळी) लागते. १४.२५ ते २३ पर्यंतची दोन नंबरची, आपल्या स्पिंडलचीच. १६ चं आणि १८ चं ड्रिल डब्यात पडूनच आहे. चकात बारीक केलेल्या शेपटीचं जाडं ड्रिल धरून झगडण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. म्हणजे चक १३ चाच.

चावीचा की बिनचावीचा? बिनचावीचा चांगला असेल तर फार छान. ड्रिल बदलायला दोन सेकंद, काम चालू असताना भार वाढेल तसा स्वतःच आवळत जातो. पण जाडं काम झालं की इतका आवळतो की हाताला सुटत नाही, हुक पाना लागतो, आणि आमच्या दुकानात पाना म्हणजे पाइपाचा, म्हणजे महिन्याभरात चकाच्या अंगावर दात उमटतील. शिवाय आत कीस आणि कूलंट गेलं की खरखरतो. आमच्याकडं ओतीव बिडाचं काम अधूनमधून येतं, त्याची काळी भुकटी सगळीकडं शिरते. उलट फिरवून टॅप बाहेर काढायचा असेल तर तो सुटायचीही भीती. एकट्या माणसाच्या स्वच्छ दुकानात मी तोच घेतला असता. इथं चार हात आहेत आणि चारही तेलाचे.

चावीच्या चकाचा एकच मोठा दोष, चावी. गेल्या दिवाळीच्या आधी पुतण्यानं चकात चावी विसरून बटण दाबलं. चावी पत्र्यात घुसली, तिथला खड्डा अजून आहे. स्प्रिंगची चावी मिळते, हात सोडला की आपोआप बाहेर येते. ती बघायची. दोरीनं मशीनला बांधलेली चावी नको, ती स्पिंडलला गुंडाळते आणि हात ओढते.

ठरलं: १३ चा, चावीचा, जड अंगाचा. आणि चकाबरोबर नवा आर्बरही, मोर्स दोन ते बी-१६. जुन्या आर्बरला शोभेल असा चक शोधत बसण्यात अर्थ नाही. आर्बरला चकाच्या किमतीच्या पावभागही पैसे लागत नाहीत. शिवाय जुन्याच्या अंगावर पान्यांच्या खुणा आहेत, कुणीतरी कधीतरी त्याला पकडून पिळलंय.

२२ मे, गुरुवार. नांदेड

नांदेड आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर. सकाळच्या एसटीनं गेलो, खिशात १० ची डॉवेल पिन आणि अडीचचं ड्रिल फडक्यात गुंडाळून. जुन्या मोंढ्याच्या बाजूला हत्यारांचं दुकान आहे.

दुकानदार म्हणाले, "भाऊ, सोळाचा न्या, लोकं तेच नेतात." मी म्हणालो, तेराचा दाखवा, तीन-चार दाखवा. पहिल्याचं बाहेरचं कडं फिरवताना एका ठिकाणी अडत होतं. दुसरा हलका, जबडे मिटवले तर तेच, एक मागं. तिसरा बरा. मिटवून उजेडाला धरला, फट नाही. अडीचचं ड्रिल तिन्ही जबड्यांनी सरळ धरलं. पिन धरून काउंटरच्या काचेवर चक लोळवला, पिनेचं टोक फारसं डोलत नव्हतं. हे काही डायल नव्हे, पण दुकानात एवढंच करता येतं. दुकानदार आधी वैतागले, मग स्वतःच चौथा आणून म्हणाले, "हाही बघा की." चौथा परत अडत होता.

आर्बर दाखवला तर अंगाला ग्रीस आणि पिवळा कागद. फडक्यानं पुसून बी-१६ ची बाजू चकाच्या भोकात नुसती टेकवून हलवून पाहिली. हलत नव्हती. स्प्रिंगची चावी याच चकाची वेगळी मागितली. चावीच्या पुढची खुंटी भोकाच्या मापाची हवी आणि दातही जुळायला हवेत, नाहीतर दात खातात. खुंटी घालून पाहिली, बसली.

परतीच्या एसटीत पिशवी मांडीवरच ठेवली.

२४ मे, शनिवार

केरळात मान्सून आला म्हणून बातमी. नेहमीपेक्षा आठ दिवस आधी. दुकानात फोन सुरू झाले, ज्याच्या त्याच्या तिफणीचं, कोळप्याचं काम उद्याच पाहिजे.

चक बसवला. पेट्रोलनं आर्बरच्या दोन्ही बाजू, चकाचं भोक आणि स्पिंडलचं तोंड पुसलं, वाळू दिलं. तेलाचा थेंबही राहता कामा नये, आणि चिकटवायला काही लावायचंही नाही. चकाचे जबडे पूर्ण आत घेतले. तोंडाखाली सागाचा तुकडा ठेवून मोगरीचा एकच ठोका. जबडे बाहेर ठेवून ठोकलं तर सगळा मार आतल्या नाजूक आट्यांवर जातो.

मग आर्बर स्पिंडलमध्ये. जीभ खाचेत येईल असं फिरवून, वर ढकलून, फळीवर हँडलनं दाबून बसवला. हात लावून फिरवला, छान वाटला. पुतण्यानं मोबाइलवर फोटो काढला.

२६ मे, सोमवार

सरांचं डायल परत आणलं. पिन नव्या चकात. जबड्याजवळ ०.१९, ७५ खाली ०.२४.

निम्म्यावर आलं हे खरं. पण नव्या चकाला हे शोभत नाही. पुतण्याचा चेहरा पडला. मला नांदेडच्या दुकानदाराला फोन करायचा मोह झाला. सर म्हणाले, आधी खडू घ्या.

२७ मे, मंगळवार

खडूची युक्ती लिहून ठेवतो, इतकी साधी आहे की आधी न केल्याची लाज वाटली. डायलचा काटा जास्तीत जास्त वर जातो ती बाजू शोधायची आणि तिथं स्पिंडलवर एक खूण, आर्बरवर एक खूण. मग आर्बर काढून अर्धा फेरा फिरवून परत बसवायचा. जिभेमुळं तो दोनच प्रकारे बसतो, त्यामुळं अर्धा फेरा आपोआप अचूक येतो. परत डायल. उंच बाजू आर्बरच्या खुणेबरोबर गेली तर दोष आर्बरचा नाहीतर चकाचा. स्पिंडलच्या खुणेपाशीच राहिली तर दोष स्पिंडलचा.

स्पिंडलपाशीच राहिली. दोनदा केलं, दोन्ही वेळा.

मोबाइलचा टॉर्च लावून आत पाहिलं. तोंडापासून बोटभर आत, खाचेच्या बाजूला एक चकचकीत ओरखडा आणि त्याच्या कडेला उभी राहिलेली बर, म्हणजे धातूची उचललेली धारदार कड. कधीतरी आर्बर आत घसरून फिरला असणार, किंवा कुणी ड्रिफ्ट तिरकी ठोकली असणार. तो कुणी म्हणजे मीही असू शकतो, चौदा वर्षं झाली मशीन आमच्याकडं आहे. नव्या आर्बरवर प्रशियन निळ्या रंगाचा पातळ हात देऊन आत टेकवला आणि काढला. निळा रंग त्या एका ठिकाणी घासून गेला होता, बाकी अंगावर जवळजवळ तसाच. पूर्ण टेपर एका नखाएवढ्या उंचवट्यावर टेकून उभा होता.

म्हणजे जुन्या चकाच्या ०.४२ मधला बराचसा वाटा चकाचा नव्हताच. जबडे खराब होते हे खरं, पण नुसता चक बदलून काम भागणार नव्हतं.

२९ मे, गुरुवार

सरांनी मोर्स दोनचा फिनिशिंग रीमर (भोक आतून घासून साफ करायचं हत्यार) दिला, अट एकच, मोटर लावायची नाही. वीज नव्हतीच, त्यामुळं अट पाळणं सोपं गेलं. पट्टा काढून टाकला, रीमर थोडं तेल लावून हातानं आत टेकवला, पान्यानं हळू हळू एकाच दिशेनं. दाबायचं नाही, फक्त वजन. पहिल्या अर्ध्या फेऱ्यात काही तरी तुटल्यासारखं हाताला जाणवलं, ती बर. दोन-तीन फेरे आणि बस्स. टेपरमधलं चांगलं लोखंड खाल्लं तर आर्बर जास्त वर जाऊन बसतो, आणि ते परत भरता येत नाही. ओरखडा तसाच राहिला, तो खड्डा आहे, खड्ड्याचं नुकसान नाही.

पेट्रोलनं धुतलं, परत निळा रंग. आता निळाई सगळ्या अंगाला थोडी थोडी लागली.

डायल: जबड्याजवळ ०.०५, ७५ खाली ०.०८. उरलेला हिस्सा क्विलचा आहे. हातानं बाजूला दाबली की ०.०३ काटा हलतो. त्याला हात लावणार नाही, निदान पेरणी होईपर्यंत.

३१ मे, शनिवार

अठरा क्लँप नव्यानं. १६ ची पट्टी, पंच, आधी ५ चं ड्रिल, मग १०.२. फेरे खालच्या पुलीवर. पहिल्याच भोकात १०.५ ची शेपटी घातली, तोंडावरच अडली. १०.२ ची घातली, बोटानं ढकलली तर आत, सोडली तर लटकून राहिली. पुतण्यानं ते अठराही भोकांत करून पाहिलं, मी सांगितलं नव्हतं.

टॅप हातानं. आटे पूर्ण, बोल्ट आवळताना शेवटपर्यंत एकसारखा कडकपणा.

एक त्रास आहे. स्प्रिंगची चावी सगळ्यांना आवडत नाही, दाबून धरावी लागते म्हणून. आमच्या वेल्डरनं स्प्रिंग काढायची परवानगी मागितली. पत्र्यातला खड्डा दाखवला.

२ जून, सोमवार

यंत्र गेलं. कुरुंद्याच्या शेतकऱ्यांनी प्रत्येक बोल्ट स्वतः आवळून पाहिला, मग चहा घेतला. पाऊस आता थांबलाय, कृषी खातं पेरणीची घाई करू नका म्हणतंय. मिरग आठ तारखेला. "घाई नाही हो," ते म्हणाले, "पण यंत्र दारात असलं की झोप लागती."

दुपारी पुतण्याला सांगितलं की पुढच्या वेळी मोजण्यात गोंधळ नको, टेपरचे आकडे कुठंतरी लिहून ठेव. थोड्या वेळानं बघतो तर जुना आर्बर व्हाइसमध्ये, एका हातात अक्षरांचा पंच, दुसऱ्या हातात हातोडी, आणि पंचाचं टोक नेमकं टेपरच्या अंगावर टेकवलेलं. जेकब्सचा 'जे' उमटायच्या आत हात धरला.

आकडे आता पट्ट्याच्या झाकणावर आहेत, पांढऱ्या ऑइल पेंटनं: स्पिंडल मोर्स २, चक बी-१६. अक्षर पुतण्याचं, थोडं तिरकं.